तीन पिढ्या, एक दार: ज्यू कम्युनिटी सेंटरच्या पद्धतीने गावच्या सभागृहात कार्यक्रम कसे आखावेत

फोंडा तालुक्यातील आमच्या गावी वाचनालयाला जोडून एक सभागृह आहे. कौलारू छपराचे, साठ खुर्च्या मावतील एवढे आणि दर्शनी बाजूला दोन सोपो, म्हणजे बसायचे कट्टे, असलेले. गोव्यातील बहुतेक गावांत असे एखादे सभागृह असतेच. कुठे ते देवस्थानाचे असते, कुठे महिला मंडळाचे, कुठे पंचायतीचे. वर्षातील पंधरा-वीस दिवस ते गजबजते आणि एरवी कुलूपबंद असते. हे कुलूप दर आठवड्याला ठरलेल्या वेळी निघावे आणि पाच वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजीपर्यंत प्रत्येकाला तिथे येण्याचे कारण असावे, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पुढे सांगितलेली पद्धत माझी स्वतःची नाही. नोकरीनिमित्त माझी अकरा वर्षे ठाण्यात गेली. भारतातील ज्यू समाजाची सर्वांत मोठी वस्ती आज मुंबई-ठाणे परिसरातच आहे आणि ठाण्यातील शआर हशामायिम हे त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ पासून उभे आहे. आमचे शेजारी बेने इस्रायली होते. म्हणजे शतकानुशतके कोकणात राहिलेले, घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले आणि घरात आपल्यासारखीच मराठी बोलणारे. त्यांच्या घरातील मुले, तरुण आणि म्हातारी माणसे एकाच समाजकेंद्राच्या कार्यक्रमांना जात असत आणि घरी परतल्यावर त्याच एका संध्याकाळबद्दल बोलत असत. आपल्याकडे एकाच घरातील तीन माणसे तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांना जातात, हा फरक माझ्या मनात तेव्हापासून राहिला.

हे केंद्र म्हणजे नेमके काय

ज्यू कम्युनिटी सेंटर ही कल्पना अमेरिकेत वाढली. १८५४ मध्ये बाल्टिमोर येथे तरुण ज्यूंनी वाचन आणि चर्चेसाठी यंग मेन्स हिब्रू असोसिएशन स्थापन केली. १८७४ मध्ये न्यू यॉर्कला अशीच संस्था निघाली, जी आज ‘नाइन्टी सेकंड स्ट्रीट वाय’ या नावाने प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून लाखो निर्वासित ज्यू आले, तेव्हा त्यांना इंग्रजी शिकवणे, हाताला काम मिळवून देणे आणि मुलांना खेळायला जागा देणे ही कामे अशा संस्थांनी अंगावर घेतली. पुढे मॉर्डेकाय कॅप्लन या धर्मपंडिताच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मॅनहॅटन येथे एक इमारत उभी राहिली, जिच्यात प्रार्थनागृह, वर्ग, व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव एकाच छपराखाली होते. माणसाने केवळ प्रार्थनेपुरते येऊन निघून जाऊ नये, त्याचे सगळे जगणे त्या जागेशी जोडलेले असावे, हा त्यामागचा विचार होता.

आज अमेरिकेतील अशा केंद्रांत बालवाडी, शाळेनंतरचे वर्ग, उन्हाळी शिबिरे, नाट्यगृह, व्यायामशाळा आणि ज्येष्ठांसाठी दुपारचे जेवण अशा सोयी असतात, आणि बहुतेक ठिकाणी कोणत्याही धर्माच्या माणसाला सभासद होता येते. मुंबईतही एव्हलिन पीटर्स ज्यू कम्युनिटी सेंटर या नावाचे केंद्र आहे. तलाव किंवा व्यायामशाळा आपल्या गावच्या सभागृहात येणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. आपण घ्यायची ती कार्यक्रम आखण्याची रीत.

आधी दहा माणसे

ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ माणसे हजर असावी लागतात. परंपरेने दहा पुरुष मोजले जातात. काही नव्या पंथांत स्त्रियांचीही मोजणी होते. या दहांच्या समूहाला ‘मिन्यान’ म्हणतात. दहावा माणूस येईपर्यंत काही प्रार्थना थांबून राहतात, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या येण्याचे महत्त्व ठाऊक असते.

कार्यक्रमांची यादी करण्याआधी आपणही असे दहा जण शोधावेत. त्यांत निदान चार स्त्रिया असाव्यात, दोन जण अठरा वर्षांखालील असावेत आणि दोन जण सत्तरीच्या पुढचे. या दहांकडून देणगी किंवा भाषण मागू नये. दुसरे कोणी आले नाही तरी वर्षभर ठरलेल्या वेळी आम्ही दहा जण सभागृहात असू, एवढेच वचन त्यांच्याकडून घ्यावे. हे वचन वाटते त्यापेक्षा अवघड आहे. आमचे दहा जण जमायला पावणेदोन महिने लागले, आणि त्या काळात आम्ही एकही पत्रक छापले नाही, हे फार बरे झाले असे मला आज वाटते.

त्यानंतर या दहांनी जोडीजोडीने वाड्यावाड्यांतून फिरावे. घरी गेल्यावर ‘तुम्हाला कोणता कार्यक्रम हवा?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘काहीही करा, आम्ही येऊ’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. घरातील कोण कोणत्या वेळी मोकळे असते? घरातील म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला बाहेर कोण नेते आणि कशावरून नेते? आणि घरातील कोणाला काय येते, जे दुसऱ्याला शिकवता येईल? तिसऱ्या प्रश्नावर लोक सुरुवातीला लाजतात. थोडे थांबले की उत्तरे येतात. आमच्या वहीत अबोलीचे वळेसर गुंफणारी बाई, घुमट हे मातीचे वाद्य मढवणारा गृहस्थ, आखातात वीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून परतलेली एक ताई आणि जुनी मोडी कागदपत्रे वाचू शकणारे एक निवृत्त मास्तर अशी माणसे सापडली, आणि पुढचे दीड वर्ष आम्हाला बाहेरून वक्ता बोलवावा लागला नाही. प्रत्येक घराला वहीचे एक पान द्यावे. ही वही केंद्राची खरी मालमत्ता आहे.

आठवड्यातील एक वेळ, जी रद्द होत नाही

या पद्धतीचा कणा शब्बाथ आहे. शुक्रवारी सूर्यास्ताला तो सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागल्यावर संपतो. त्याच्यासाठी कोणी बैठक बोलवत नाही, निमंत्रण छापत नाही. तो दर आठवड्याला येतोच, म्हणून घरातील प्रत्येकाला आपले काम आधीपासून माहीत असते.

ठाण्याच्या शेजारच्या मावशी गुरुवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालत. पूर्वी कोकणात धर्माच्या नियमांत बसणारी द्राक्षाची वारुणी सहज मिळत नसे, म्हणून बेने इस्रायली घरांत शब्बाथच्या आशीर्वादासाठी मनुकांचे सरबत करण्याची रीत पडली. शुक्रवारी दुपारी शाळेतून आलेला नातू त्या मनुका हाताने कुस्करी आणि मलमलच्या फडक्यातून रस गाळी; त्याची बोटे तपकिरी होत आणि पातेल्याच्या काठावर साली साचत. संध्याकाळी आजोबा तो पेला उचलून आशीर्वाद म्हणत. एकदा खेळात रमलेला नातू यायला टाळाटाळ करू लागला, तेव्हा मावशी दारात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, ‘अरे, तू गाळल्याशिवाय आजोबा काय उचलणार?’ तो खेळ टाकून आला. त्या घरात कोणीही नुसता प्रेक्षक नव्हता.

हे सगळे पाहिलेले असूनही गावी परतल्यावर मी पहिल्या वर्षी चूकच केली. मुलांसाठी शनिवारी चार वाजता चित्रकला, महिलांसाठी बुधवारी तीन वाजता शिवण आणि ज्येष्ठांसाठी रविवारी सकाळी दहाला योगासने, असे तीन स्वतंत्र वर्ग लावले. कागदावर सर्व वयोगट आले होते. प्रत्यक्षात असे झाले की, चित्रकलेच्या वर्गाला नातीला घेऊन येणारी एक आजी दर शनिवारी बाहेरच्या सोपोवर तासभर बसून राहू लागली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, शेजारी नातीच्या चपला. आत वर्ग रंगला की खिडकीतून पाहायची. रविवारच्या तिच्या स्वतःच्या वर्गाला मात्र ती एकदाही आली नाही, कारण रविवारी सकाळी तिला आणायला घरात कोणी मोकळे नसे. सभागृहाच्या दारापर्यंत ती तीसेक वेळा आली असेल, पण आम्ही तिला आत घेतले नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला पावसाळा गेला, याची खंत मला अजून आहे.

म्हणून आता आमची एकच वेळ आहे: शनिवारी साडेचार ते साडेसहा. ही वेळ निवडताना आम्ही पुष्कळ विचार केला. रविवारी सकाळी ख्रिस्ती शेजारी मिसाला जातात आणि इतर घरांतील माणसे मासळीबाजारात असतात. दुपारी दोन ते चार हा गोव्यात विश्रांतीचा काळ आहे. त्या वेळी बोलावले तर जो येतो तोही पेंगतो. आणि दिवेलागणीनंतर म्हाताऱ्या माणसांना अंधारातून परत नेण्याची चिंता उभी राहते. तुमच्या गावाची वेळ वेगळी असेल. पेडण्यात काजूच्या हंगामात जी वेळ जमते ती मडगाव शहरात जमणार नाही. वेळ कोणतीही निवडा, पण ती एकदा ठरली की पाऊस, क्रिकेटचा सामना किंवा गावातले लग्न यांपैकी कशामुळेही बदलू नका.

दोन तासांची विभागणी अशी करावी. पहिली चाळीस मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे: एखादी गोष्ट, एखादे गाणे, गावातील एखाद्या माणसाची मुलाखत. त्यानंतरची पन्नास मिनिटे वयाप्रमाणे किंवा आवडीप्रमाणे वेगळे व्हावे. एक गट सभागृहात, एक सोपोवर, एक वाचनालयात. शेवटचा अर्धा तास पुन्हा एकत्र, आणि त्यात खाणे असलेच पाहिजे. एकत्र, वेगळे, पुन्हा एकत्र हा क्रम उलटा करू नये. सुरुवातीलाच गट पाडले की आजी पुन्हा सोपोवर जाते, आणि शेवटी एकत्र आणले नाही तर आपल्या गटात काय झाले ते एकमेकांना सांगायची संधी कोणालाच मिळत नाही. ज्या संध्याकाळी मुलांनी शिकलेली फुगडी शेवटी आज्यांसमोर घातली आणि आज्यांनी उठून तिच्यातील दोन चाली दुरुस्त केल्या, त्या संध्याकाळी हा क्रम का हवा ते सर्वांनाच कळले.

प्रत्येक वयाला काम

ज्यूंच्या पेसाख सणाच्या पहिल्या रात्री ‘सेदेर’ नावाचे जेवण असते. इजिप्तच्या गुलामगिरीतून पूर्वज कसे सुटले याची कथा त्या जेवणात सांगितली जाते, आणि ती सुरू होते घरातील सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनी. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे ते मूल चार प्रकारे विचारते आणि मोठी माणसे उत्तर देतात. रात्र लांबते, मुले झोपेला येतात. म्हणून बेखमीर भाकरीचा एक तुकडा लपवून ठेवतात आणि जेवणाच्या शेवटी मुलांनी तो शोधायचा असतो. कार्यक्रमाची आखणी शिकायची असेल तर मला यापेक्षा चांगला नमुना माहीत नाही. लहानाचे काम विचारण्याचे, मोठ्याचे सांगण्याचे, आणि शेवटपर्यंत थांबण्यासाठी काहीतरी राखून ठेवलेले.

सहा वर्षांखालील मुलांना वीस मिनिटांपेक्षा अधिक काळ एका जागी बसवू नये. त्यांच्याबरोबर घरचे माणूस असावेच. पहिली घंटा वाजवणे आणि खाण्याच्या वेळी पत्रावळी वाटणे ही त्यांची कामे. अमेरिकेत २००५ पासून पीजे लायब्ररी नावाचा उपक्रम ज्यू घरांतील लहान मुलांना दरमहा पुस्तक फुकट पाठवतो, झोपताना आईवडिलांनी वाचून दाखवावे म्हणून. आपल्याला टपालाने पाठवणे परवडणार नाही, पण वाचनालयातील एक चित्रमय पुस्तक प्रत्येक लहान मुलाने शनिवारी घरी न्यावे आणि पुढच्या शनिवारी आणावे, हे सहज जमते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ती येतात आणि रमतात. एकच सूचना, स्पर्धा आणि बक्षिसे ठेवू नयेत. शाळेत ती भरपूर असतात.

तेरा ते अठरा हा वयोगट सर्वांत अवघड. ज्यू परंपरेत मुलगा तेराव्या वर्षी आणि मुलगी बाराव्या वर्षी धर्माच्या आज्ञा पाळण्यास स्वतः जबाबदार मानली जाते. त्या टप्प्यावर मुलाला, आणि अनेक पंथांत मुलीलाही, समाजासमोर उभे राहून तोराह या धर्मग्रंथाचा भाग वाचावा लागतो. म्हणजे ज्या वयात आपण मुलांना ‘लुडबुड करू नका’ म्हणतो, त्याच वयात तिथे सगळी सभा त्यांचे ऐकते. १९८२ मध्ये मेम्फिस येथे या केंद्रांतील किशोरांच्या मक्काबी क्रीडास्पर्धा सुरू झाल्या, तेव्हापासून बाहेरगावच्या खेळाडूंना यजमान गावातील कुटुंबांच्या घरी उतरवण्याची रीत आहे. मुलांना परक्या घरात पाहुणा म्हणून वागावे लागते आणि कुटुंबांना परक्या मुलाची जबाबदारी घ्यावी लागते.

आमच्याकडे सभागृहाची किल्ली दोन किशोरांकडे असते. दरवाजा उघडणे, पंखे आणि ध्वनिवर्धक पाहणे, हजेरी लिहिणे ही कामे त्यांची. सुरुवातीला ज्येष्ठ मंडळींनी विरोध केला आणि किल्ली एकदा हरवलीही. तरी ती पुन्हा त्यांच्याकडेच द्यावी, हा माझा आग्रह होता आणि आहे. पहिली चाळीस मिनिटे कोणी चालवायची, हेही या गटाला आळीपाळीने ठरवू द्यावे.

नोकरी करणारी माणसे दर आठवड्याला येतील अशी अपेक्षा धरू नये. ती बसने पणजीहून किंवा वेर्ण्याच्या कारखान्यातून थकून येतात. त्यांना महिन्यातून एकदा, नेमके आणि छोटे काम द्यावे: चारचाकीतून तीन ज्येष्ठांना आणणे-पोचवणे, वीजबिल भरणे, एका शनिवारच्या चहाची व्यवस्था पाहणे. ज्याच्याकडे काम असते तो त्या दिवशी येतो, आणि आला की थांबतो.

ज्येष्ठांसाठी आधी जागा नीट करावी. हात टेकायला दांडे असलेल्या खुर्च्या, पायऱ्यांना कठडा, उजेड असलेले आणि पाणी न साचणारे स्वच्छतागृह, आणि ध्वनिवर्धकाचा कर्णा त्यांच्या कानाशी न येता समोरून ऐकू येईल असा. या चार गोष्टी नसतील तर उत्तम कार्यक्रमालाही ते येणार नाहीत, आणि का येत नाहीत तेही सांगणार नाहीत. त्यानंतर त्यांना काम द्यावे. शाल आणि श्रीफळ देऊन त्यांना मंचावर बसवून ठेवणे हा सन्मान खरा, पण तो एका दिवसाचा आहे. पाडवळ घालून केलेली आमटी, भातलावणीच्या वेळची गाणी, १९६१ पूर्वीच्या शाळेतील दिवस, विहिरीचा गाळ काढण्याची रीत, यांपैकी एकेक विषय घेऊन किशोरांनी त्यांना विचारावे आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे. प्रश्न आधी लिहून न्यावेत, पाचपेक्षा अधिक नसावेत, आणि उत्तर मध्येच तोडू नये.

वर्षाची आखणी

ज्यू पंचांग आपल्यासारखेच चांद्र महिन्यांचे आहे आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यातही अधिक महिना धरतात. एकोणीस वर्षांत सात वेळा. बेने इस्रायलींनी आपल्या सणांना मराठी नावे दिली होती: नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. शिमग्याच्या सुमारास येणारा पुरीम म्हणजे त्यांचा होळीचा सण. मुलांनी सोंगे घेण्याची चाल पुरीमलाही आहे आणि आपल्या शिगम्यालाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मराठी कीर्तनाचा बाज घेऊन बायबलमधील आख्याने रंगवली. परक्या समाजाकडून शिकताना आपलेपण जपता येते, याचा दाखला त्यांनीच घालून दिलेला आहे.

सणाभोवती कार्यक्रम गुंफला की त्याची जाहिरात करावी लागत नाही. आमच्या वर्षात जून ते ऑगस्ट ही बैठ्या कामांची आणि वाचनाची वेळ असते. मे महिन्यात मुंबईहून आणि परदेशातून नातवंडे गावी येतात, तेव्हा दहा दिवसांचे शिबिर घेतो. ही कल्पना सरळ त्यांच्या उन्हाळी शिबिरांवरून घेतलेली आहे. जत्रेच्या आठवड्यात आम्ही वेगळे काही करत नाही, देवळाच्या नाटकाच्या तालमीच सभागृहात होतात आणि शनिवारची वेळ त्यांत मिसळून जाते.

चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, काळ मात्र सर्वांत समृद्ध, आणि एखादा कार्यक्रम प्रत्यक्ष कसा बांधावा ते याच उदाहरणाने सांगतो. ज्यूंचा सुक्कोत नावाचा सण चवथीनंतर काही दिवसांनी किंवा महिन्या-सव्वा महिन्याने येतो. त्यात घराबाहेर एक खोपी उभारतात. तिचे छप्पर फांद्या-पानांचे असते, त्यातून रात्री तारे दिसले पाहिजेत, आणि आत फळे टांगण्याची चाल आहे. खजुराची झावळी, एत्रोग नावाचे लिंबाच्या जातीचे फळ आणि दोन झाडांच्या डहाळ्या हातात धरून प्रार्थना करतात. हे वर्णन ऐकताना कोणत्याही गोमंतकीयाला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेले फळापानांचे छत, आठवल्यावाचून राहणार नाही.

चवथीच्या आधीच्या शनिवारी आम्ही माटोळीची झाडे ओळखण्याचा कार्यक्रम करतो. तयारी अशी. दोन दिवस आधी किशोर आणि दोन जाणते काका डोंगरावर जाऊन कांगलां, घागऱ्यो, कवंडळ यांसारख्या रानफळांचे फक्त एकेक नमुने आणतात. ओरबाडून आणू नये, हे आधीच बजावावे. घरोघरीची तोरिंगे, सुपारीची शिपटी, नारळाचा घड येतात. सगळे लांब चटईवर मांडतात. लहान मुले एकेक वस्तू उचलून ‘हे काय?’ म्हणून विचारतात. ज्येष्ठ नाव सांगतात, औषधी उपयोग सांगतात, कोणते खाऊ नये तेही सांगतात. सहा ते बारा वर्षांची मुले नावाच्या चिठ्ठ्या लिहितात. दोन आजींनी एकाच फळाला दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत. आमच्याकडे अशी पाच फळे निघाली. एक चिठ्ठी मुद्दाम लपवलेली असते, ती खाण्याच्या वेळी शोधायची.

मोठ्या मुलांसाठी याला एक जोड द्यावी. पणजीच्या मध्यभागी जे उद्यान आहे त्याला गार्सिया द ऑर्ता या वैद्याचे नाव आहे. स्पेनमधून पोर्तुगालला आलेल्या आणि तिथे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुटुंबात तो जन्मला, १५३४ मध्ये गोव्यात आला आणि भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. नारळ, आंबा, फणस, सुपारी या सर्वांची माहिती त्यात प्रश्नोत्तरांच्या रूपाने आहे: एक जण विचारतो, दुसरा सांगतो. १५६८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडेही उकरून जाळण्यात आली. दहा वर्षांखालील मुलांना यातील झाडांचा भाग सांगावा. तेराच्या पुढच्यांना मात्र सगळे सांगावे, उद्यानात त्याच्या नावापाशी उभे राहून सांगावे आणि घाईने पुढच्या विषयाकडे वळू नये. आमच्या मुलांनी तिथे विचारलेला पहिला प्रश्न ‘मग बागेला त्याचे नाव कोणी दिले?’ असा होता.

ज्यू पाहुणे बोलवायचे असतील तर

बेने इस्रायली कुटुंबाला किंवा हिवाळ्यात गोव्यात आलेल्या एखाद्या इस्रायली पाहुण्याला बोलवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतची वेळ त्यांना देऊ नये, म्हणजे आमची नेहमीची शनिवारची वेळ इथे चालत नाही. त्या आठवड्यात रविवारी संध्याकाळी जादा कार्यक्रम ठेवावा. त्यांच्या प्रार्थना किंवा विधी आपल्या मुलांकडून नाटकासारखे करवून घेऊ नयेत. घरातल्या आठवणी, पदार्थ, गाणी यांबद्दल विचारावे.

खाण्याच्या बाबतीत गोव्यात विशेष काळजी हवी. सुंगटे, तिसऱ्यो, कुर्ल्यो, म्हणजे कोळंबी, शिंपल्या आणि खेकडे, त्यांच्या धर्मात निषिद्ध आहेत. पर आणि खवले असलेली मासळी, जसे इसवण किंवा बांगडा, चालते; मोरी (शार्क) चालत नाही. मांस आणि दूध एकत्र खात नाहीत, म्हणून बेने इस्रायली स्वयंपाकात दुधाऐवजी नारळाचा रस फार वापरतात आणि नव्या वर्षाचा त्यांचा चिकाचा हलवाही गव्हाचा चीक व नारळाचा रस यांचाच असतो. आपले शिवराक (शाकाहारी) जेवण आणि तूप न घातलेले मणगणे, म्हणजे नारळाच्या रसातली खीर, त्यामुळे सोयीचे पडते. तरी काही माणसे दुसऱ्याच्या भांड्यात शिजवलेले काहीच घेत नाहीत. ते आधी विचारून घ्यावे आणि न कापलेली फळे व शहाळी तयार ठेवावीत.

पैसा, सुरक्षितता आणि नोंदी

वर्गणी माणशी घेऊ नये, घराला एक अशी घ्यावी. माणशी वर्गणी ठेवली की घरातून पहिले नाव आजीचे वगळले जाते. आमच्याकडे घराला महिन्याला पन्नास रुपये आहेत. ज्यांना तेही जड जाते त्यांची सवलत फक्त खजिनदाराला ठाऊक असते. ज्यू केंद्रांतही अर्थसाहाय्य असे गुप्तपणे देण्याची रीत आहे. सरकारी अनुदानासाठी अर्ज करायचा असेल तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. त्यासाठी किमान सात सभासद लागतात, आणि तुमचे दहा जण तर आधीच आहेत.

मुलांबरोबर कोणत्याही खोलीत एकटा प्रौढ असू नये, नेहमी दोघे असावेत आणि दार उघडे असावे. हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर वाचून दाखवावा, म्हणजे पुढे तो कोणा एकावर अविश्वास म्हणून घेतला जात नाही. मुलाच्या बाबतीत लैंगिक गैरप्रकार घडल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; गावात आपापसांत मिटवू नये. बालकांसाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे मदतीचे क्रमांक दाराशी मोठ्या अक्षरांत लावावेत.

हजेरीच्या वहीत नावापुढे ‘कोणाबरोबर आले’ असा एक रकाना ठेवावा. एकूण किती माणसे आली हा आकडा वाढत असेल आणि या रकान्यात मात्र ‘एकटे’ हाच शब्द जास्त दिसू लागला, तर दहा जणांनी बसून दोन तासांची विभागणी पुन्हा तपासावी. आमच्या वहीच्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या पानावर सोपोवरच्या त्या आजीचे नाव आहे. पुढच्या रकान्यात किशोराच्या अक्षरात ‘नातीबरोबर’ असे लिहिले आहे, आणि नातीच्या नावापुढे ‘आजीबरोबर’.